वेचा आणि संहिता : शालेय मराठीतील कादंबरीचे स्थान

१

मराठी शाळेत कादंबरी शिकविली जात नाही. कादंबरीतील वेचे शिकविले जातात. हे विधान वरवर पाहता किरकोळ वाटेल. पाठ्यपुस्तकाची पाने मर्यादित असतात, तासिका मर्यादित असतात, तेव्हा संपूर्ण कादंबरी वर्गात येणार कशी, असा व्यवहारी प्रश्न त्यावर लगेच विचारला जातो. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर कादंबरीची ही अनुपस्थिती केवळ पानांच्या हिशेबातून आलेली नाही हे ध्यानात येते. तिच्यामागे वाङ्मयाविषयीची, भाषेविषयीची आणि मुख्य म्हणजे बालवाचकाविषयीची एक विशिष्ट धारणा आहे. पाचवी ते आठवी या इयत्तांसाठी कोणती कादंबरी निवडावी, हा आज शिक्षकांपुढे येणारा प्रश्न या धारणेचा विचार केल्याशिवाय नीट मांडताही येत नाही.

बारामतीच्या परिसरापासून सुरुवात केली तर हा विरोधाभास विशेष स्पष्ट होतो. मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत आपली बहुतेक काव्यरचना केली. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली 'नवनीत' हा काव्यसंग्रह सिद्ध केला आणि त्यातून मोरोपंत मराठी शाळेत पोचले. पुढे कित्येक पिढ्यांनी आर्या पाठ केल्या. यमके आणि दीर्घ समास यांनी जड झालेली ही रचना दहा-बारा वर्षांच्या मुलाला पेलणार नाही, अशी शंका त्या काळी शिक्षणखात्याला थांबवू शकली नाही. याउलट, ज्या वाङ्मयप्रकाराची भाषा बोलण्याच्या सर्वांत जवळची, ज्याचा विषय बहुधा घर, गाव आणि नातीगोती, त्या कादंबरीला मात्र शाळेचे दार उघडले नाही. पंतांच्या बारामतीपासून फार दूर नसलेल्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात आज सातवीत शिकणारी मुलगी मराठी कवितेचे, निबंधाचे, चरित्राचे नमुने वाचते. पण एक कथन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गाबरोबर वाचण्याचा अनुभव तिला मराठीचा अभ्यासक्रम देत नाही.

२

अव्वल इंग्रजीतील शालेय गद्य हे जवळजवळ संपूर्णपणे भाषांतरित आणि बोधपर होते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तके १८२८ची. 'बाळमित्र' हे बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या लेखनावरून इंग्रजीच्या द्वारे मराठीत आले. छोटी गोष्ट, तिच्यातील एक प्रसंग आणि प्रसंगातून निघणारे तात्पर्य हा शालेय कथनाचा साचा येथे ठरला. या साच्यात गोष्टीची लांबी तात्पर्याच्या सोयीने ठरते. एका तात्पर्यात न मावणारे कथन त्यात बसू शकत नाही.

पुढे मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तकांची भाषा घडविली गेली. मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेय कँडींना जाते. त्यांच्या लेखणीखालून गेलेल्या मराठीत एकसारखेपणा आला हेही खरे. पण हा एकसारखेपणा म्हणजे एका प्रदेशाच्या आणि एका वर्गाच्या भाषेला मिळालेली अधिकृतता होती. शाळा म्हणजे प्रमाण भाषा शिकण्याचे ठिकाण, आणि पाठ्यपुस्तक म्हणजे त्या भाषेचा नमुना, हे समीकरण तेव्हापासून रूढ झाले.

कादंबरी याच सुमारास मराठीत अवतरत होती. हरी केशवजी यांचे 'यात्रिक क्रमण' (१८४१) हे बन्यनच्या रूपककथेचे भाषांतर. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) आणि गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) या पुढील पायऱ्या. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन कादंबऱ्यांच्या आधारे केली, ती परिचित आहे. शाळेच्या दृष्टीने पाहिले तर या तिन्ही प्रवृत्ती वेगवेगळ्या कारणांनी अडचणीच्या होत्या. विधवांच्या स्थितीचे चित्रण करणारी आणि ख्रिस्ती झालेल्या लेखकाने लिहिलेली कादंबरी वर्गात चालणे शक्य नव्हते. अद्भुतरम्य कादंबरी मुलांची मने बिघडविणारी ठरली असती. ऐतिहासिक कादंबरी तेवढी सुसह्य होती, आणि म्हणून पुढे द्रुतवाचनाच्या नावाखाली कादंबरीला जी थोडीबहुत जागा मिळाली, तीत ऐतिहासिक कथानकांचे पारडे जड राहिले.

कादंबरीवाचन हे व्यसन आहे, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र होती. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक' या विषयावर १८७२ साली निबंध लिहिला आणि वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली 'कादंबरी' हा निबंध लिहिला, यावरून या वाङ्मयप्रकाराची गंभीर चिकित्सा मराठीत लवकर सुरू झाली हे दिसते. परंतु ही चिकित्सा प्रौढ वाचकापुरती राहिली. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू करून कादंबरी घराघरांत नेली. शाळेने तिची दखल घेतली नाही. घरात चोरून वाचायचे पुस्तक आणि शाळेत उघडपणे वाचायचे पुस्तक अशी जी विभागणी त्या काळी झाली, ती मराठी मध्यमवर्गाच्या आठवणींत दीर्घकाळ टिकून राहिली.

३

या विभागणीला परीक्षापद्धतीने पक्केपणा आणला. कृष्ण कुमार यांनी भारतातील 'पाठ्यपुस्तकी संस्कृती'चे जे विवेचन केले आहे, ते येथे उपयोगी पडते. वसाहतकालीन व्यवस्थेत शिक्षकाला वेतन तुटपुंजे आणि अधिकार नगण्य होते; काय शिकवायचे हे खाते ठरवी आणि काय शिकले हे बाहेरची परीक्षा ठरवी. या दोहोंच्या मध्ये शिक्षकाच्या हाती एकच साधन उरले : नेमलेले पुस्तक. अशा व्यवस्थेत शिक्षकाने आपल्या वर्गासाठी एखादी कादंबरी निवडावी ही कल्पनाच संभवत नाही. निवड ही समितीने करावयाची गोष्ट झाली आणि समितीला जे निवडता येते ते वेच्यांच्या स्वरूपातच.

आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने या चौकटीत राहूनच फार मोठा बदल घडविला. रूक्ष बोधपाठांच्या जागी मुलांना आवडेल असे जिवंत गद्य आले आणि समकालीन लेखक वर्गात आले. तथापि नवयुगने बदलले ते वेच्यांचे स्वरूप. वेचा हे एकक तसेच राहिले. कोठारी आयोगाच्या काळानंतर, २७ जानेवारी १९६७ रोजी, पुण्यात महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ स्थापन झाले. बालभारतीच्या पुस्तकांनी ग्रामीण, दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांचे लेखन राज्यातील प्रत्येक मुलापर्यंत नेले, ही गोष्ट सामान्य नव्हे. पण वेच्यांच्या यादीत कोण आहे आणि कोण नाही, यावरच सारी चर्चा एकवटली. प्रतिनिधित्वाचा प्रश्न इतका प्रभावी ठरला की रूपाचा प्रश्न मागे पडला.

याच संस्थेने १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले, ही बाब लक्षणीय आहे. तेथे क्रमशः चालणाऱ्या दीर्घ कथनाला जागा मिळाली. म्हणजे मुले लांब पल्ल्याचे वाचू शकतात हे संस्थेला मान्य होते. मात्र ते परीक्षेच्या कुंपणाबाहेर, ऐच्छिक वाचन म्हणून. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हेही याच कुंपणाबाहेर वाढले. अलीकडे दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी २०२३–२४ मध्ये पाठ्यपुस्तकांचे चार भाग करण्यात आले आणि पुढे तो निर्णय मागे घेण्यात आला. पुस्तक अखंड असावे की तुकड्यांत, याचा विचार आपल्याकडे वजनाच्या मापाने होतो. वाचनाच्या मापाने क्वचितच.

४

वेच्याने नेमके काय होते, हे साने गुरुजींच्या 'श्यामची आई'च्या उदाहरणावरून पाहता येईल. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले गेलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी मुलांच्या वाट्याला सर्वाधिक आलेले दीर्घ कथन असावे. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि पुस्तकाची कीर्ती अधिकच पसरली. तरीही शाळेत ते बहुधा एकेका रात्रीच्या रूपाने येते : पोहायला भिऊन लपलेला श्याम, पत्रावळ लावायला शिकणारा श्याम, कळ्या तोडणारा श्याम.

संपूर्ण पुस्तकाची रचना मात्र वेगळी आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो. सांगणारा श्याम आणि ज्याच्याविषयी सांगितले जाते तो लहान श्याम यांच्यात अनेक वर्षांचे अंतर आहे. आई आता नाही, घर कर्जात बुडाले आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून लहानग्या श्यामच्या प्रत्येक हट्टावर पश्चात्तापाची सावली पडते. सुटा वेचा पुस्तकात आला की हे अंतर नाहीसे होते. निवेदक गळतो, श्रोते गळतात, दारिद्र्याची पायरीपायरीने वाढत जाणारी छाया गळते. आणि उरते ते 'आईने मुलाला धीट केले' एवढे तात्पर्य. १८२८च्या 'बाळमित्र'चा साचा अशा रीतीने १९३५च्या कादंबरीसदृश कथनावर पुन्हा बसविला जातो.

या पुस्तकाविषयीचा जातीचा प्रश्नही वेच्यात नीट उपस्थित होत नाही. मोळी उचलता न येणाऱ्या अस्पृश्य म्हातारीला श्यामने हात द्यावा, असे आई सांगते तो प्रसंग सुटा वाचला तर केवळ सद्भावनेची गोष्ट होतो. पण संपूर्ण संहितेत तो कोकणातील एका ब्राह्मण कुटुंबाच्या आचारधर्माच्या मध्यभागी येतो. त्या आचारधर्माची बंधने आणि त्यांतून वाट काढू पाहणारी करुणा ही दोन्ही तेथे दिसतात. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषण करणारा लेखक या प्रसंगामागे उभा आहे. आजच्या वर्गात श्यामच्या जागी स्वतःला पाहणारी मुले असतील तशी मोळीवालीच्या जागी आपल्या आजीला पाहणारीही असतील. त्या दोघांना एकमेकांशी बोलता येईल असा अवकाश संपूर्ण पुस्तक देऊ शकते. वेच्याखालचे 'एका वाक्यात उत्तरे लिहा' तो देऊ शकत नाही.

५

लुईस रोझेनब्लाट यांनी १९३८ साली 'लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन' या ग्रंथात वाचक आणि संहिता यांच्यातील व्यवहाराची जी संकल्पना मांडली, तिचा अमेरिकेतील शालेय वाङ्मयशिक्षणावर खोल परिणाम झाला. वाचनानंतर काय घेऊन जायचे याकडे लक्ष असलेले वाचन आणि वाचत असताना काय अनुभवले जाते याकडे लक्ष असलेले वाचन, असा भेद त्यांनी पुढे १९७८च्या ग्रंथात स्पष्ट केला. वर्गात संपूर्ण कादंबरी वाचण्याच्या तेथील प्रथेला या विचाराने बळ मिळाले. मराठी शाळेतील वेचा हा पहिल्या प्रकारच्या वाचनासाठीच बांधलेला असतो. त्यातून शब्दार्थ, वाक्प्रचार, तात्पर्य 'घेऊन' जायचे असते.

दुसरा मुद्दा भाषेचा. मिखाईल बाख्तिन यांनी कादंबरीचे वैशिष्ट्य तिच्यातील अनेक भाषांच्या सहवासात पाहिले. निवेदकाची भाषा, पात्रांच्या बोली, धंद्यांच्या आणि वयांच्या भाषा तेथे एकमेकींवर आघात करतात. पाठ्यपुस्तकाचा पाया मात्र एकाच भाषेच्या अधिकृततेवर आहे. शाळा आणि कादंबरी यांच्यातील दुरावा म्हणूनच आकस्मिक नाही. वेच्यातही बोली येते, पण तळटिपेतील अर्थासह, एखाद्या प्रदर्शनीय वस्तूसारखी. कादंबरीत ती माणसांच्या व्यवहाराची भाषा म्हणून येते.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) विचार या संदर्भात करण्यासारखा आहे. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर नेमला गेलेला कोवळा शिक्षक, मुलांविना ओस असलेली शाळा, कारभाऱ्याचा आधार, सर्वांच्या श्रमांतून उभी राहिलेली तालीम आणि अखेरीस दुष्काळाने रिकामी झालेली वाडी, एवढाच तिचा विस्तार. निवेदक मास्तर प्रमाण मराठीत लिहितो. माणसे माणदेशीत बोलतात. आणि कादंबरीभर मास्तर या बोलीपुढे शिकाऊ राहतो. शाळा गावाला शिकविते या गृहीतकाची उलट बाजू येथे दिसते. वाक्ये आखूड, प्रकरणे लहान, पृष्ठसंख्या आटोपशीर. सातवी-आठवीच्या वर्गाला ती पेलण्यासारखी आहे. मेंढरांचे कळप घेऊन फिरणारी कुटुंबे नीरा खोऱ्यातील मुलांना अपरिचित नाहीत. परंतु केवळ परिचय हा निवडीचा निकष मानणे धोक्याचे होईल. 'बनगरवाडी' वर्गात यावी ती 'आपल्या भागातली' म्हणून नव्हे. शहाणपण कोणाकडे असते, हा प्रश्न ती उत्तर न देता मुलांपुढे ठेवते म्हणून.

परिचयाच्या निकषाची मर्यादा दोन बाजूंनी दाखविता येते. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) मराठवाड्याच्या बोलीत एका स्त्रीच्या तोंडून सांगितली जाते. ऊसतोडीसाठी बारामतीकडे येणाऱ्या कुटुंबांतील मुलांना तिची भाषा जवळची वाटेल. पण तिच्यातील संसाराची पडझड समजून घेण्याचे वय बारा वर्षांचे नव्हे. उलट, 'पाडस' ही राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली रॉलिंग्ज यांची कादंबरी अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या रानात घडते. पाळलेले पाडस शेतातले पीक खाऊ लागते, तेव्हा मुलाला आपल्या लाडक्या प्राण्याचा आणि घराच्या अन्नाचा एकत्र विचार करावा लागतो. शेतकऱ्याच्या मुलाला या पेचाची ओळख करून द्यावी लागत नाही. पुस्तक प्रदीर्घ असल्याने ते भागाभागांनी मोठ्याने वाचावे लागेल, एवढीच अडचण. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) आठवीसाठी विचारात घेताना तिच्यातील हिंसेवर आक्षेप येईल. पण भुकेल्या माणसांनी धान्य लुटणे हा गुन्हा की न्याय, हा प्रश्न मुलांपासून लपविण्याजोगा नाही. शिवाजी महाराजांच्या काळातील लढाया ज्या वर्गात उत्साहाने शिकविल्या जातात, तेथे हिंसेचा आक्षेप एकट्या 'फकिरा'वर घेता येणार नाही.

६

संपूर्ण कादंबरीच्या विरोधातील सर्वांत वजनदार युक्तिवाद वाङ्मयीन नाही, सामाजिक आहे. सोमेश्वरसारख्या सहकारी साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात बारामती तालुक्यात बाहेरच्या जिल्ह्यांतून तोडणी कामगार येतात. त्यांच्या मुलांचे शिक्षण मध्येच तुटते. त्यांच्यासाठी साखरशाळांचे प्रयोग झाले तेही याच कारणाने. वेचा कोणत्याही दिवशी सुरू करता येतो आणि त्याच दिवशी संपविता येतो. मागचे प्रकरण न वाचलेल्या मुलावर तो अन्याय करीत नाही. अर्धे वर्ष एका गावात आणि अर्धे दुसऱ्या गावात काढणाऱ्या मुलीच्या दृष्टीने वेचा अधिक लोकशाहीवादी ठरतो, असे म्हणता येईल.

हा युक्तिवाद फेटाळून लावता येत नाही. पण त्याचा निष्कर्ष मात्र तपासावा लागतो. ज्या मुलीचे जगणे तुकड्यांत विभागले गेले आहे तिला वाचायलाही तुकडेच द्यावेत, हे न्यायाचे लक्षण नव्हे. पुस्तक तिच्याबरोबर जाऊ शकते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले आहे, आणि सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. 'श्यामची आई'च्या बेचाळीस रात्री या दिवसांत सहज मावतात. अडचण वेळेची असण्यापेक्षा पुस्तक कोणाच्या मालकीचे, ही अधिक आहे. ते कपाटात कुलूपबंद असेल तर स्थलांतरित मुलीपर्यंत पोचणार नाही, आणि तिथेच राहणाऱ्या मुलीपर्यंतही नाही.

परीक्षेचा धोका याहून मोठा आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने गेल्या दशकात नववी-दहावीच्या इंग्रजीसाठी दीर्घवाचनाची पुस्तके नेमली. गलिव्हरचा प्रवास त्यांत होता, ॲन फ्रँकची रोजनिशी होती. त्यांवर कथानक आणि पात्रे यांविषयीचे गुणांचे प्रश्न आले आणि काही वर्षांनी हा भाग वगळण्यात आला. कादंबरीला परीक्षेत बसविले की तिचे वेचे पाडले जातात; या वेळी ते समितीऐवजी प्रश्नपत्रिका पाडते. म्हणून कादंबरी शाळेत आणायची तर ती गुणांच्या हिशेबाबाहेर, पण वेळापत्रकाच्या आत आणावी लागेल. 'किशोर'ने तिला वेळापत्रकाबाहेर ठेवले होते, इंग्रजीच्या प्रयोगाने तिला गुणांत ओढले. या दोहोंमधली जागा मराठी शाळेने अजून वापरून पाहिलेली नाही.

ही जागा वापरायची तर निवडीचा अधिकार शिक्षकाकडे जावा लागेल. राज्यभर एकच कादंबरी नेमली तर पाठ्यपुस्तकी संस्कृतीत आणखी एका पुस्तकाची भर पडेल, एवढेच. पाच-दहा कादंबऱ्यांतून कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिक्षिकेने एक निवडावी, इंदापूरच्या शिक्षकाने दुसरी, आणि आपण ती का निवडली हे दोघांनी मुलांना सांगावे. निवडीची कारणे उघडपणे सांगणे ही समीक्षेची पहिली पायरी असते. मुलांनी ती कारणे ऐकली, त्यांवर वाद घातला, प्रसंगी 'ही कादंबरी आवडली नाही' असे म्हणून त्याचेही कारण दिले, तर तात्पर्याच्या साच्यातून शालेय वाचनाची सुटका होण्यास प्रारंभ होईल. मराठी समीक्षेने वाचकाच्या अभिरुचीची चिंता पुष्कळ वाहिली. परंतु हा वाचक बाराव्या-तेराव्या वर्षी कोणत्या आकाराचे वाङ्मय हाताळून घडतो, याकडे तिचे लक्ष क्वचितच गेले आहे. वेच्यांवर वाढलेल्या वाचकाकडून पुढे संहितेच्या साकल्याची अपेक्षा करावयाची, तर तिची पूर्वतयारी विद्यापीठात नव्हे, सातवीच्या वर्गातच व्हावी लागेल.